आत सोडलेला इंच

सोमवारी सकाळी दादा आला आणि चप्पलही न काढता दारातूनच म्हणाला, "रविवारी गाडी सांगितलीय. अकरा वाजता."

मी बाही लावत होते. मुंढ्याच्या वळणावर मशीन थांबवलं की तिथे चुणी पडते, आणि चुणी पडली की सगळं उसवून पुन्हा. म्हणून मी टीप पुरी केली, दोरा तोडला आणि मग विचारलं, "तिचे कपडे किती द्यायचे?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी भांडेन, रडेन, निदान आवाज तरी चढवेन, अशा तयारीने तो आला असणार. येताना उत्तरंही घोकून आणली असतील. ती सगळी फुकट गेली.

"कपडे नकोत," तो म्हणाला. "वृद्धाश्रमात सगळ्यांना गाऊनच घालतात."

पडद्यापलीकडून आईचा आवाज आला. "अभ्रा."

आई गाऊनला अभ्रा म्हणते. उशीला घालतात तो. तिने जन्मात कधी गाऊन घातला नाही आणि शिवलाही नाही. एखादी बाई गाऊनचं कापड घेऊन आलीच, तर आई ते टेबलावर उलगडून बघायची आणि विचारायची, "उश्या किती आहेत घरात?"

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले मापाचे ब्लाऊज. बाई नवा ब्लाऊज शिवायला टाकते तेव्हा नीट बसणारा एक जुना सोबत देते, तो मापाचा. काही जणी तो परत न्यायला विसरतात, काही पुन्हा येतच नाहीत. भिंत भरत जाते. मागची खोली आईची, आणि मधे पडदा. पलंगावरून तिला पुढचं काही दिसत नाही, पण मशीनच्या आवाजावरून टीप सरळ चाललीय की वाकडी ते ती सांगते. तीन महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. उजवी शाबूत आहे, डोकं शाबूत आहे. जीभ जड झालीय, पण तिचा तिखटपणा काही कमी झाला नाही. डावा हात मात्र कोपरात दुमडून छातीशी बसलाय, कुणी तिथेच टाका घालून ठेवल्यासारखा.

सगळं त्या हातावर अडलं होतं. आईचे ब्लाऊज सगळे पुढून हुकांचे. ते घालायचे तर आधी तो हात ओढून सरळ करायचा, बाहीत कोंबायचा, मग तिला कुशीवर वळवून पाठीमागून कापड पलीकडे न्यायचं. दोघी लागतात, आणि आई किंचाळते. दिवसा तिला सांभाळायला एक बाई येते. तिच्या चालण्यावरून मी मनात तिला तुरतुरी म्हणते. तिने शेवटी हात टेकले. म्हणाली, "ताई, मला पाप नको. गाऊन घाला, नाहीतर दुसरी बाई बघा." गाऊन दोनदा घातला. दोन्ही वेळा आईने उजव्या हाताने गळ्याला धरून तो पोटापर्यंत फाडला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा तिने फाडला नाही, तोंड मिटून घेतलं. दोन दिवस पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. तेव्हापासून आठ दिवस ती नुसती चादर पांघरून पडून होती. जिने अख्ख्या गल्लीला कपडे घातले, ती.

"असं उघडं ठेवायचं का तिला?" दादा हळू आवाजात म्हणाला. "तिथे चौघी-चौघी आहेत. धरून घालतील."

धरून घालतील, हे आईनेही ऐकलं. पडद्यापलीकडे काही हललं नाही.

"रविवारच्या आत मी काही जमवलं तर?"

"जमव. घालून दाखव. तिने अंगावर ठेवलं तर गाडी परत पाठवतो. मला काय हौस आहे का?" त्याचे डोळे भरून आले होते. तो लहानपणापासून हळवा. मीही माझ्यात काय आहे ते चाचपून पाहिलं. काही सापडलं नाही. मी पुढची बाही घेतली.

शिवायला सोपं होतं, खरं सांगायचं तर. पुढची बाजू सबंध ठेवायची, पाठ काढूनच टाकायची. मग हात वाकडा का असेना, समोरून दोन्ही बाह्या सरकवता येतात, वळवावं लागत नाही, ओढावं लागत नाही. मागे हुक नको, टिचबटण नको, शिवणही नको. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला एक हुक रुतला तरी आठवड्यात जखम होते. हे सगळं माझ्या डोक्यात दादा चप्पल घालून वळेपर्यंत तयार होतं. अडचण वेगळीच होती. आई माझ्या हातचं घालत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली.

फॅशन म्हणजे आमच्या दुकानात कायम बाहीचा आणि गळ्याचा वाद. मी परकरात होते तेव्हा बाही कोपरापर्यंत होती. मग तिला फुगा आला. फुगा बसला आणि बाही वर वर सरकायला लागली, ती शेवटी खांद्यावर जाऊन नाहीशीच झाली. मग परत खाली आली, जाळीची होऊन. कटोरी गेली, प्रिन्सेस कट आला. हुक पुढून मागे गेले, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे आता कपडे घालायलाही माणूस ठेवा." पण ती शिवत राहिली. फक्त गळ्याचं तिचं गणित कधी बदललं नाही. पुढे चार बोटं, मागे पाच. मटका गळा म्हणा, पान गळा म्हणा, चौकोनी म्हणा, नाव तुमचं, बोटं तिची. बायका म्हणायच्या, काकू, अजून थोडा खाली घ्या ना. आई मान डोलवायची आणि चार बोटंच कापायची.

मग पाठ उघडी पडायला लागली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बँकेत नुकतीच लागलेली एक मुलगी आई घरात नसताना आली आणि मला म्हणाली, "तुम्ही शिवाल? मागे फक्त दोरी." मी शिवला. आईने न कापलेला, माझ्या एकटीच्या हातचा तो पहिला ब्लाऊज. पाठीला खाली चार बोटांची पट्टी आणि वर मानेशी एक बारीक दोरी, बस. ती दोरी शिवून आतून बाहेर उलटवायला मला एक अख्खी दुपार लागली होती. मुलगी न्यायला आली, घालून आरशासमोर उभी राहिली, आणि मी इतकी खूश होते की आई मागे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

"दोरी कशाला?" आईने विचारलं.

"शोभेची नाही ती," मी म्हणाले. "मागे कापड नसलं की खांदा उतरतो. दोरी धरून ठेवते."

आईने त्या मुलीला पडद्यामागे जाऊन ब्लाऊज बदलायला सांगितलं. मग खुर्चीत बसली, ब्लेड घेतलं आणि तिच्यादेखत तो ब्लाऊज उसवला. फाडला नाही. एकेक टीप सोडवली, कापडाला ओरखडा न उठू देता. सगळ्यात शेवटी दोरी. तुकडे घडी करून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "कापड तुमचं. शिलाई आमची नाही." ती गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या हातचं माझ्या अंगाला लागणार नाही."

माणसं रागाच्या भरात काहीबाही बोलतात आणि विसरतात. आई विसरली नाही. दोन मशीन शेजारी शेजारी, त्यावर आम्ही दोघी. आम्ही बोलत नव्हतो असं नाही. भाजी कुठली, दोरा कुठला संपला, कुणाचा ब्लाऊज कधी द्यायचाय. पुढे मी शेकड्यांनी उघड्या पाठी शिवल्या आणि तिने त्याला एका शब्दाने हरकत घेतली नाही. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक बघेल, असं तिचं. पण स्वतःचा ब्लाऊज ती स्वतःच शिवायची. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा जुने घालून दिवस काढले, पण मला सांगितलं नाही. आधी मला ते लागायचं. मग मी काही वाटून घेणंच सोडलं. ते एकदम सुटत नाही. रोज थोडं थोडं सुटतं, आणि मग एक दिवस मशीनची सुई बोटातून आरपार जाते आणि आपण आधी कापडाला डाग लागला का ते बघतो. तिला झटका आला तेव्हा मी आधी तिच्या मशीनखालचं कापड बाजूला घेतलं होतं, हेही सांगून टाकते.

मंगळवारी मी आईचं कपाट उघडलं. तिच्या हातचे शेवटचे नऊ ब्लाऊज त्यात होते, धुवून धुवून मऊ झालेले. यातलाच एक मागून कापावा, असं तुरतुरीचं म्हणणं. "त्यांच्याच हातचा आहे ना, मग काय बोलणारेत?" म्हणणं बरोबर होतं. मी त्यातल्या त्यात धड असलेला करडा काढला, टेबलावर पालथा घातला आणि पाठ मधोमध कापली. आईच्या टिपेवर कात्री सरळ चालली. कडा दुमडून घेतल्या. दुपारी आम्ही तो तिला चढवायला गेलो आणि मुंढ्याशी कापड पिंजून हातात आलं. जुनं सूत, कुजल्यासारखं. दुसरा घेतला, तोही तसाच. आई छताकडे बघत होती. कापड फाटल्याचा आवाज तिने दोन्ही वेळा ऐकला.

बुधवारी बँकेतली मुलगी आली. मुलगी कसली, पन्नाशीची बाई, चष्मा गळ्यात लोंबतोय. मधली कित्येक वर्षं ती आमच्याकडे फिरकली नव्हती, नंतर कधीतरी परत यायला लागली आणि त्या दिवसाबद्दल आम्ही कुणी काही बोललो नाही. तिने पिशवीतून कापड काढलं. "बंद गळा," म्हणाली. "बाही कोपरापर्यंत. पाठ पूर्ण झाकलेली. आता हेच चाललंय. मुलगी म्हणते, उघडी पाठ म्हणजे तुझ्या जमान्यातली."

पडद्यामागून आवाज आला. "गळा किती बोटं?"

"काकू!" ती दचकून हसली. "बोटं नाहीतच. बंदच गळा."

मग आई म्हणाली, "तेव्हाच ऐकायचं होतं. एवढी वर्षं वाचली असती."

मी हसायला हवं होतं. बँकेतली बाई हसली, अगदी मनापासून. मी तिचं माप घेतलं, वहीत तिच्या पानावर लिहिलं. आमच्या वहीत प्रत्येकीचं एक पान असतं, जुन्या आकड्यांवर काट मारून नवे लिहीत जायचे. तिचं पान जवळजवळ भरलं होतं. जाताना ती दाराशी थांबली. "तुम्हाला सांगितलं नाही कधी. ते तुकडे मी नंतर दुसरीकडून शिवून घेतले. त्या बाईने दोरीच लावली नाही. म्हणाली, काय गरज आहे? अख्खा दिवस मी खांदा सावरत बसले. फोटोत बघा, प्रत्येकात माझा हात खांद्यावर."

"हो का," मी म्हणाले. माझं बरोबर होतं, हे कळायला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि कळल्यावर बरंही वाटलं नाही. मी तिला पावती फाडून दिली.

त्या दुपारी मी ठरवलं की आईला फसवायचं. नवा ब्लाऊज मी शिवेन, पण तो तिच्या हातचा दिसायला हवा. कपाटाच्या तळाशी होता, सापडला, म्हणून सांगायचं. ऐकायला वेडेपणा वाटेल. पण तिच्या शेजारी बसून माझं आयुष्य गेलंय. तिची टीप मी झोपेत ओळखेन. इंचाला बारा टाके, कोपऱ्यावर थांबून एक टाका मागे. हुकांमध्ये सगळ्यात खालचा ती नेहमी उलटा लावते, म्हणजे बसताना उठताना पट्टी सुटत नाही. काज हाताने करते आणि शेवटची गाठ आत न घेता बाजूला दडवते. हे सगळं मला तिने शिकवलं नव्हतं. मी बघितलं होतं.

कापड तिच्याच ट्रंकेतलं घेतलं, बिनअस्तराचं, तपकिरी सुती, तिने स्वतःसाठी आणून ठेवलेलं आणि राहून गेलेलं. आधी तीनदा धुतलं, नवेपणा जावा म्हणून. तिचा एक फाटका ब्लाऊज उसवून त्याचे भाग कागदासारखे पसरले आणि त्यावरून कापलं. पुढे चार बोटं. बोटं माझी, पण तिच्यापेक्षा बारीक, म्हणून मी थोडं वाढवून घेतलं. गुरुवार आणि शुक्रवार त्यात गेले. तिच्या मशीनवर शिवला, माझ्या नाही. तिच्या मशीनचा आवाज वेगळा आहे. पहिली टीप घातली तेव्हा पडद्यामागून काही ऐकू येईल म्हणून मी थांबले. काही आलं नाही. तुरतुरी म्हणाली, "झोपल्यात."

शनिवारी सगळं झालं आणि मी तो ब्लाऊज शिवणाच्या पुतळ्यावर चढवून पाहिला. पुढून बघितलं तर आईचा ब्लाऊज. मागून बघितलं तर काहीच नाही. उजवा खांदा घसरून दंडावर आला. मी वर घेतला, परत घसरला. मानेशी एक दोरी हवी होती. दहा मिनिटांचं काम. कापडाची तिरकी पट्टीही मी कापून ठेवली होती. ती हातात घेतली आणि परत ठेवून दिली. गाठ रुतेल, मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दोरी लावायची तर ते जुनं सगळं पुन्हा टेबलावर मांडल्यासारखं झालं असतं. मला ते नको होतं. उतरू दे खांदा.

रविवारी दहा वाजता मी आणि तुरतुरीने ब्लाऊज घेतला. "हा बघ तुझाच," मी आईला म्हणाले. "कपाटात तळाला होता. मी मागून थोडा कापलाय." चादर खाली केली. आधी वाकडा हात, बाही त्याच्यावरून नुसती सरकवायची, मग उजवा. कडा दोन्ही बाजूंनी पाठीखाली जराशा खोचल्या. दोन मिनिटं लागली नाहीत. आई ओरडली नाही. तुरतुरीने माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवला.

आईने मान खाली घालून छातीवरचं कापड पाहिलं. मग तिचा उजवा हात कामाला लागला.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक ब्लाऊजला ती असंच बघायची, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. बोट हुकांवरून खाली उतरलं, एक, दोन, तीन, शेवटचा उलटा. तिथे जरा थांबलं. काजाच्या कडेने फिरलं, बाजूला दडवलेली गाठ सापडली, पुढे गेलं. गळ्यात चार बोटं घालून पाहिली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दादा आत आला आणि पडद्याशी उभा राहिला. त्याने आईच्या अंगावर ब्लाऊज पाहिला आणि तो काही बोलणार, तेवढ्यात मी हात वर केला.

आईचं बोट काखेखाली, बाजूच्या शिवणीवर आलं होतं. तिने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ती शिवण धरली. आतलं कापड चोळलं, पुन्हा चोळलं. आणि मला कळलं, मी काय केलं ते.

आई प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजमध्ये बाजूला आत एक इंच कापड सोडते. बाईचं अंग आज एक, उद्या एक. जाड झाली तर टीप सोडायची, ब्लाऊज मोठा होतो. मला शिवायला बसवलं त्या पहिल्या दिवशी तिने हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून माझा हात आपोआप इंच सोडतो. पण स्वतःच्या ब्लाऊजमध्ये ती कधी सोडायची नाही. "मी जाड झाले तर नवा शिवीन," म्हणायची, "शिवणारी घरातच आहे." हुकांपासून काजाच्या गाठीपर्यंत सगळी नक्कल मी डोळ्यांत तेल घालून केली आणि इथे हात आपल्या सवयीने गेला. जी दर आठवड्याला थोडी थोडी आटत चाललीय, तिच्या ब्लाऊजमध्ये मी मोठं करायला जागा ठेवली होती.

"हा माझा नाही," आई म्हणाली.

तुरतुरीने भिंतीकडे बघितलं.

"इंच सोडलायस."

"हो."

"मला कशाला?"

"हात गेला," मी म्हणाले. "सवयीने."

तिचा हात शिवणीवरून उठला आणि गळ्याकडे गेला. गाऊन फाडला तेव्हाही तो असाच गळ्याकडे गेला होता. दादाने डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. मी मनात हिशेब केला की नवं कापड आहे, एका हाताने फाटायचं नाही, ती फार तर हुक तोडेल. मग तिला तसंच चादरीत गुंडाळून गाडीपर्यंत न्यावं लागेल. एवढंच आलं मनात.

हात गळ्यापाशी थांबला नाही. तो उजव्या खांद्यावर गेला, दंडावर उतरलेलं कापड तिने बोटांत धरलं आणि वर ओढून घेतलं. सोडलं. कापड परत घसरलं. तिने परत ओढलं.

"खांदा उतरतोय," ती म्हणाली.

"हो."

"मागे कापड नाही."

"नाही."

"मग दोरी?"

मी म्हणाले, "लावली नाही."

"का?"

"तू उसवली असतीस."

आई माझ्याकडे बघत राहिली. झटक्यानंतर तिचा चेहरा एका बाजूला ओघळलाय, त्यामुळे ती रागावलीय की हसतेय ते पटकन कळत नाही. ती विचार करत होती, एवढं मला कळलं. मग जड जिभेने, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मागे कापड नसलं की दोरी लागते. लाव."

मी पुढच्या खोलीत गेले. कापून ठेवलेली तिरकी पट्टी टेबलावरच होती. दुमडली, टीप घातली, सुई आणि दोरा आतून ओढून उलटवली. त्या वेळी एक दुपार लागली होती, आता चार मिनिटं. पडद्यापलीकडे मशीनचा आवाज जात होता, आणि पहिल्यांदाच मला माहीत होतं की ती ऐकतेय आणि कशासाठी ऐकतेय. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती इतकी साधी होती की मी आधी ती ओळखलीच नाही.

दोरीचे दोन भाग खांद्यांना हाताने टाचले, तिच्या अंगावरच. मानेमागून बांधायला गेले तशी ती म्हणाली, "मागे नको. रुतेल. गाठ खांद्यावर घे." मी खांद्यावर घेतली. तिने बोटाने गाठ चाचपली. खांदा जागेवर राहिला.

"गाडीवाल्याला काय सांगू?" दादाने विचारलं.

"जा म्हणावं," आई म्हणाली. आणि मग मला, "टेप आण."

"कशाला?"

"जुन्यावरून कापलायस. मी तेवढी राहिले नाही. पुढे बघ कसा फुगलाय." तिने छातीवरचं सैल कापड चिमटीत धरून दाखवलं. "एकावर भागणार आहे का? धुवायला टाकला की काय घालू?"

मी टेप आणि वही आणली. गल्लीतल्या यच्चयावत बायकांची मापं मी घेतलीत, काहींच्या तीन पिढ्यांची. आईचं माप मी कधी घेतलं नव्हतं. वहीत तिचं पानच नव्हतं. नवं पान काढलं आणि वर नाव लिहायचं असतं म्हणून "आई" लिहिलं. तुरतुरीने तिला हळूच उचललं, मी पाठीखालून टेप नेली. पाठ उघडी होती, आणि मणके एकेक मोजता आले असते.

"आवळू नकोस," ती म्हणाली. "दोन बोटं घाल आत."

मी टेपच्या आत दोन बोटं घातली. खाली तिचं हृदय चालत होतं.

"छाती एकोणतीस," मी म्हणाले आणि लिहिलं.

आईने डोळे मिटले. मला वाटलं, दमली. मी टेप गुंडाळायला लागले.

"बाजूला आत इंच सोड," ती म्हणाली.